आडनाव एक, औषधं दोन

माझ्या थोरल्या नणंदेने सरकारी औषध-तपासणी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. घरात सगळे त्यांना ताई म्हणत, मी वन्सं म्हणायची, आणि प्रयोगशाळेत त्यांच्या माघारी त्यांचं नाव होतं ‘दशांशबाई’. कुठलाही आकडा चार दशांशांपर्यंत लिहिल्याशिवाय त्यांचं पेन थांबत नसे, म्हणून. बाकीचे ‘साधारण शंभर’ म्हणून मोकळे व्हायचे, वन्सं नव्व्याण्णव पूर्णांक लिहून पुढचे चार आकडे शोधत बसायच्या. लग्न का केलं नाही असं कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, नमुना पसंत पडला नाही.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं शिवणयंत्र. मी शाळांचे गणवेश शिवत असे. जिन्यालगतची खोली वन्संची. आमचे हे त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. पाणीपुरवठा खात्यात कारकून, आणि मुळात भिडस्त माणूस. बहिणीचा त्यांना अभिमान होता तितकाच धाकही होता. मला मात्र सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्यांची नुसती भीतीच वाटायची. भाजीत मीठ जास्त झालं तर त्या रागवत नसत, किती जास्त झालं ते सांगत.

मी सांगते आहे ती गोष्ट त्यांच्या नोकरीच्या बाविसाव्या वर्षातली. एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. मी यंत्रावरून उठून दार उघडलं. दारात चाळिशीची एक बाई उभी होती. पायात पांढरे कापडी बूट, केस घट्ट बांधलेले, हातात कागदाची घडी. तिने घडी उलगडून माझ्यासमोर धरली आणि ही सही ज्यांची आहे त्या इथेच राहतात का, असं विचारलं. सही वन्संचीच होती. उजवीकडे झुकलेली, शेवटी ठाम टिंब दिलेली.

मी तिला आत बसवलं. वन्सं ओले केस पुसत बाहेर आल्या. मग त्या बाईने जे सांगितलं ते असं.

ती गावातल्या मोठ्या इस्पितळात सोळा वर्षं नर्स होती, पुरुषांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणते. पाच आठवड्यांपूर्वी तिच्या वॉर्डात सत्तरीचे एक निवृत्त शाळामास्तर हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले होते. डॉक्टरांनी त्यांना आणि शेजारच्या खाटांवरच्या दोघांना झोपेसाठी पेन्टोबार्बिटलची प्रत्येकी एक कॅप्सूल लिहून दिली, शंभर मिलिग्रॅमची. सिस्टरने प्रत्येकाला एकेक दिली. हे औषध लवकर चढतं आणि लवकर उतरतं. सकाळपर्यंत माणूस ताजा व्हायला हवा. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी तिघेही पेंगत होते. मास्तर भिंतीला धरून न्हाणीघराकडे निघाले आणि मध्येच पाय गळून पडले. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळाने ठरवून टाकलं की सिस्टरने एकाऐवजी दोन-दोन कॅप्सूल दिल्या आणि कागदावर एक लिहिली. वॉर्डात त्रास नको म्हणून नर्स असं करतात, असंही कुणी तरी म्हणालं. बाटलीतल्या उरलेल्या कॅप्सूल बरोबर भरतात हे तिने दाखवलं, तर म्हणाले, जास्तीच्या तू दुसरीकडून आणल्या असशील. आणि तिच्या तोंडावर हा कागद टाकला. त्याच खेपेच्या कॅप्सूल तीन महिन्यांपूर्वी सरकारी प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या होत्या आणि शेरा होता, ‘प्रमाणानुसार योग्य’. औषध चोख ठरलं, म्हणजे खोट सिस्टरमध्ये. तिला निलंबित केलं होतं आणि चौकशी समिती नेमली होती.

एवढं सांगून ती थांबली. आवाज कुठेही हलला नव्हता.

“मी तुमच्याकडे रडायला आले नाही,” ती म्हणाली. “ज्या सहीमुळे मी घरी बसले, त्या सहीमागचं माणूस एकदा बघायचं होतं.”

वन्संचा चेहरा लाल झाला. माझा आकडा चुकत नाही, असं त्यांनी सांगितलं. सिस्टर उठता उठता म्हणाली, माझाही चुकत नाही, एक म्हणजे एकच दिली. मी चहा टाकला होता, तो न घेताच ती जिना उतरून गेली.

त्या दिवशी वन्सं जेवायला बसल्या त्या आधी तणतणतच. सोळा वर्षं नोकरी केलेल्या बाईने घरी येऊन असं बोलावं, वगैरे. मग जेवण अर्धवट टाकून खोलीत गेल्या. सोमवारी त्या कामावरून आल्या त्या सरळ माझ्या यंत्रापाशी येऊन बसल्या. असं त्या कधी करत नसत.

“मी खरंच चुकले नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी मोजलं बरोबर. पण मी मोजलं, ओळखलं नाही.”

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला ते सगळं समजावलं. पुढे इतक्या वेळा आणि इतक्या लोकांसमोर ऐकलं की आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन.

झोपेच्या औषधांचं एक मोठं घराणं होतं, बार्बिट्युरेट नावाचं. सगळ्यांच्या पोटात एकच कडं, चार कार्बन आणि दोन नायट्रोजन यांचं. फरक असतो तो त्या कड्याला जोडलेल्या शेपट्यांत. शेपटी बदलली की औषधाचा स्वभाव बदलतो. कुणी थोडा वेळ झोपवतं, कुणी मध्यम, कुणी दिवसभर, आणि डॉक्टर लोक त्यावरूनच त्यांचे गट पाडतात. पेन्टोबार्बिटल थोड्या वेळाच्या गटातलं. त्याचं एक भावंड आहे, अमोबार्बिटल. ते मध्यम गटातलं, सावकाश उतरणारं. आणि गंमत अशी की दोघांत अणू अगदी तितकेच. कार्बन तितकेच, हायड्रोजन तितकेच, वजन तेच. दोघांच्याही लांब शेपटीत पाच कार्बन. एकाच्या शेपटीला फाटा फुटतो तो कड्याशी, बुंध्याला. दुसऱ्याच्या शेपटीला फुटतो तो टोकाला. बस, एवढाच फरक.

मी म्हटलं, म्हणजे कापड तेवढंच, बटणं तेवढीच, पण खिसा छातीवर लावायचा तो कुणी खाली घेरापाशी लावला. वन्संनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि म्हणाल्या, हो, आणि तू दोन्ही सदरे तराजूत टाकलेस तर तुला काय कळणार?

त्यांनी तेच केलं होतं. कॅप्सूलमधल्या पुडीची रंगाची चाचणी घेतली, जांभळा रंग आला, म्हणजे बार्बिट्युरेट आहे हे ठरलं. मग ब्युरेटमधून थेंबथेंब सोडून टायट्रेशन केलं आणि औषध किती आहे ते मोजलं. नव्व्याण्णव पूर्णांक चार-एक-शून्य-सात टक्के. पण जांभळा रंग घराण्यातल्या कुणालाही येतो, आणि वजन सारखं असल्यामुळे टायट्रेशनचा आकडाही दोघांचा एकच येतो. नेमकं कोण ते ओळखायचं तर पुडी तापवून ती किती अंशांवर वितळते ते बघावं लागतं. त्याला द्रवणांक म्हणतात. नियमात ती चाचणी होती. पण काम तुंबलं म्हणून वर्षापूर्वी त्यांच्या संचालकांनी तोंडी सांगितलं होतं की नेहमीच्या कंपन्यांच्या मालाला रंग आणि टायट्रेशन पुरे, द्रवणांकाच्या रकान्यात ‘योग्य’ लिहा. सगळे लिहीत. वन्संनीही लिहिलं होतं.

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हे. चार दशांश काढणारी बाई, आणि शेजारच्या रकान्यात न बघता ‘योग्य’.

तपासलेल्या प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग मोहोर लावून कपाटात दोन वर्षं ठेवायची तिथे पद्धत होती. मंगळवारी वन्संनी तो नमुना पुन्हा तपासायला मिळावा म्हणून अर्ज दिला. संचालकांनी तो अर्ज त्याच दुपारी परत पाठवला, प्रकरण निकाली निघालं आहे असं लिहून. बुधवारी त्यांनी दुसरा अर्ज दिला. गुरुवारी संचालकांनी त्यांना आत बोलावलं. तिथलं बोलणं वन्संनी मला शब्दन्‌शब्द सांगितलं होतं.

संचालक वाईट माणूस नव्हते. दम्याचे रोगी, हळू बोलणारे. त्यांनी समजुतीने सांगितलं की, बाई, तुम्ही स्वतःचाच अहवाल खोटा पाडायला निघालात. एक अहवाल पडला की लोक बाकीचे दहा हजार उकरतील. कॅप्सूलमध्ये बार्बिट्युरेटच होतं ना? लेबलावरही बार्बिट्युरेटच आहे ना? वर्ग बरोबर आहे. मग चुकलं काय?

“साहेब, तुमचं आणि तुमच्या भावाचं आडनाव एक आहे,” वन्संनी विचारलं. “म्हणून उद्या त्यांच्या पोटाचं ऑपरेशन तुमच्यावर केलं तर चालेल?”

संचालकांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

वन्सं बाहेर आल्या त्या थेट नियमांचं पुस्तक घेऊन बसल्या. त्यात एक कलम त्यांना सापडलं. ज्या तपासनिसाने सही केली आहे त्याला शंका आली, तर राखून ठेवलेला नमुना साक्षीदारासमोर उघडून त्याने पुन्हा तपासावा. परवानगी घ्यावी असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, फक्त कळवावं असं होतं. त्यांनी कळवलं. भांडारपाल म्हणून एक गृहस्थ होते, निवृत्तीला चार महिने राहिलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वन्संनी त्यांना साक्षीदार व्हायला सांगितलं. त्यांनी आधी खोकून वेळ काढला, मग म्हणाले, चार महिन्यांत माझं कोण काय वाकडं करणार, चला.

मोहोर फोडली. संचालकांनी त्याच आठवड्यात वन्संवर दुप्पट काम टाकलं, म्हणून त्यांनी ही तपासणी जेवणाच्या सुट्टीत केली. चार दिवस त्यांचा डबा उघडलाच नाही, तसाच घरी यायचा. पुडी पाण्यात विरघळवायची, आम्ल घालायचं, पांढरा साका खाली बसला की गाळून, धुऊन, वाळवून घ्यायचा. मग केसासारख्या बारीक काचनळीत चिमूटभर भरून थर्मामीटरला बांधायचा आणि तेलात हळूहळू तापवायचा. पेन्टोबार्बिटल एकशे तीस अंशांच्या आसपास वितळतं. वन्संचा नमुना एकशे तीसला जागचा हलला नाही. एकशे चाळीसला नाही, पन्नासला नाही. एकशे छप्पनला पाणी झाला.

अमोबार्बिटल.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी त्या घरी आल्या, चपला काढल्या आणि पुढच्या खोलीत नुसत्या उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय निघालं? त्या म्हणाल्या, सिस्टर बरोबर होती, आणि वर म्हणाल्या, तीन महिने ती खेप गावभर फिरली असेल.

आमच्या ह्यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बहिणीशी वाद घातला. नऊ वर्षं राहिलीत, ताई, निवृत्तीला. हा कागद तू संचालकांना दे, पुढे ते बघतील. चौकशीपुढे जाऊन स्वतःची मान कशाला पुढे करतेस? वन्संनी जेवण संपवलं, ताट उचललं, आणि जाता जाता सांगितलं की मान माझीच आहे, उसनी आणलेली नाही.

संचालकांनी नवा अहवाल स्वीकारला नाही. तेव्हा वन्संनी त्याची प्रत चौकशी समितीला टपालाने पाठवली, पोच घेऊन. दहा दिवसांनी साक्षीला यायचं बोलावणं आलं. त्याबरोबर प्रयोगशाळेकडून दुसरंही पत्र आलं की परवानगीशिवाय साक्ष दिल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. वन्संनी दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घातली आणि मला म्हणाल्या, चल माझ्याबरोबर, कुणी तरी सामान धरायला हवं. शाळा उघडायला आठवडा होता, माझ्याकडे साठ गणवेश अडकले होते. मी यंत्रावर चादर टाकली आणि गेले.

सामान म्हणजे एक लाकडी पेटी होती. प्रयोगशाळेतलं काही नव्हतं त्यात. ते त्यांना आणू दिलंच नसतं. कॉलेजात शिकवणाऱ्या आपल्या जुन्या मैत्रिणीकडून त्यांनी सगळं मागून आणलं होतं.

चौकशी इस्पितळाच्याच सभागृहात होती. लांब टेबल, हिरवं कापड, छतावर कुरकुरणारा पंखा. मध्ये अध्यक्ष, म्हणजे निवृत्त न्यायाधीश, आणि दोन्ही बाजूंना बाहेरगावचे दोन डॉक्टर. एका बाकावर सिस्टर, ताठ बसलेली. तिच्या मागे चाकांच्या खुर्चीत मास्तर. ते साक्ष द्यायला आले होते, पण आठवतं तेवढंच सांगून झाल्यावरही त्यांनी घरी जायला नकार दिला होता. समोरच्या बाजूला औषध कंपनीचा तज्ज्ञ, चांगल्या कापडाचा सूट घातलेला. शिवण नजरेत भरण्यासारखी होती, हे मी कबूल करते.

तज्ज्ञाने शांतपणे बाजू मांडली. रंगाची चाचणी बरोबर, टायट्रेशन बरोबर, आणि तेही याच बाईंचं. आता त्या म्हणतात द्रवणांक जुळत नाही. पण द्रवणांक जराशा अशुद्धीनेही हलतो, हे कॉलेजचा पोरगाही सांगेल. नमुना तीन महिने कपाटात पडून होता. काही तरी मिसळलं असेल.

अध्यक्षांनी वन्संकडे पाहिलं.

“अशुद्धीने हलतो, हे खरं आहे,” वन्सं म्हणाल्या. “पण खाली हलतो. भेसळ द्रवणांक खाली ओढते, वर ढकलत नाही. हा सव्वीस अंश वर गेलाय. वर नेणारी अशुद्धी साहेबांनी कुठे पाहिली असेल तर दाखवावी, मी आजच नोकरी सोडते.”

तज्ज्ञाने मग थर्मामीटरवर शंका घेतली. जुन्या प्रयोगशाळेतलं जुनं थर्मामीटर, सुट्टीत घाईने केलेलं काम. वन्संनी हात केला, मी पेटी टेबलावर ठेवली. इथेच करून दाखवू का, असं त्यांनी विचारलं. दोघा डॉक्टरांची आपसात कुजबुज झाली. अध्यक्ष म्हणाले, किती वेळ लागेल? वन्सं म्हणाल्या, पाऊण तास, आणि पंखा बंद करावा लागेल.

पंखा बंद झाला. वन्संनी स्टॅंड उभा केला, कान असलेली काचेची नळी त्यात अडकवली, तेल ओतलं, खाली स्पिरिटचा दिवा लावला. तीन बारीक नळ्या त्यांनी एकाच थर्मामीटरला दोऱ्याने बांधल्या, म्हणजे थर्मामीटर खोटं असेल तर तिघांनाही सारखंच खोटं पडेल. पहिल्या नळीत मैत्रिणीच्या कॉलेजातलं खात्रीचं पेन्टोबार्बिटल. दुसरीत कॅप्सूलमधल्या पुडीचा वाळवलेला साका, म्हणजे आपला नमुना; तो भांडारपालांसमोर पुन्हा मोहोर लावून त्यांनी अहवालाबरोबरच समितीकडे पाठवला होता. त्याची मोहोर त्यांनी समितीच्या डॉक्टरांकडूनच फोडून घेतली आणि नळीही त्यांच्याच हातून भरून घेतली. तिसरीत दोन्हींचं मिश्रण. त्यांनी आधीच सांगून ठेवलं: दोन्ही पुड्या एकच असतील तर तीनही नळ्या एकाच वेळी वितळतील. वेगळ्या असतील तर मिश्रण सगळ्यांत आधी जाईल, कारण तिथे दोघी एकमेकींची भेसळ.

पाऊण तास सभागृहात दिव्याची फरफर तेवढी ऐकू येत होती. सगळ्यांना घाम फुटला होता. अध्यक्ष खुर्ची सोडून टेबलापाशी येऊन उभे राहिले, मग डॉक्टर आले, मग तज्ज्ञालाही यावंच लागलं. मास्तर मागून म्हणाले, मला दिसत नाही, तेव्हा सिस्टरने उठून त्यांची खुर्ची पुढे आणली. ज्या बाईने आपल्याला पाडलं असं सगळे म्हणत होते, तिच्याकडे मास्तरांनी मान वर करून पाहिलं आणि खुर्चीच्या दांडीवरच्या तिच्या हातावर दोन बोटं टेकवली. सिस्टरने हात काढला नाही.

आधी मिश्रण घामेजलं आणि बसलं. मग एकशे एकोणतीसला पहिली नळी पाण्यासारखी स्वच्छ झाली. मधली पांढरीच होती. वन्सं आकडे मोठ्याने वाचत होत्या, एकशे पस्तीस, एकशे चाळीस, एकशे पंचेचाळीस. त्यांचा आवाज शाळेत हजेरी घ्यावी तसा सपाट होता. एकशे छप्पनला मधली नळी वितळली. वन्संनी दिवा विझवला.

अध्यक्ष खुर्चीवर परत जाऊन बसले. मग अध्यक्षांनी विचारलं की पहिल्या अहवालावर, द्रवणांकाच्या रकान्यात ‘योग्य’ असा शेरा आहे. ती सही कुणाची? मला वाटलं, आता वन्सं संचालकांच्या तोंडी हुकमाचं सांगतील. त्यांनी ते सांगितलं, पण शेवटी.

“सही माझी,” त्या म्हणाल्या. “मी ती चाचणी केली नव्हती आणि केली असं लिहिलं. हुकूम होता, पण हात माझा होता. याची जी शिक्षा असेल ती मला द्या. या सिस्टरांनी एक कॅप्सूल दिली आणि एक लिहिली. या सगळ्या प्रकरणात खरं लिहिणारी ती एकच व्यक्ती होती.”

तज्ज्ञ नळ्यांकडे बघत होता. मग त्याने आपले कागद आवरले.

निकाल लागायला आणखी दोन महिने गेले. कंपनीच्या कारखान्यात एकाच दिवशी शेजारशेजारच्या दोन यंत्रांवर दोन्ही औषधं भरली जात होती, आणि एक पिंप चुकीच्या यंत्राला लागलं होतं. ती सगळी खेप बाजारातून परत मागवली. सिस्टरला कामावर घेतलं, आणि निलंबनाचा काळ सेवेत धरला गेला. मास्तरांचं हाड जुळलं, पण पुढे ते काठीशिवाय चालले नाहीत. सिस्टर आमच्या घरी पुन्हा आली, याच दारात उभी राहिली, आणि या वेळी चहा घेतला. सिस्टरने सगळं घर बघितलं, वन्संची खोली बघितली, आणि एवढी पुस्तकं पुसतं कोण, एवढंच विचारलं.

संचालकांची बढतीवर बदली झाली. असंच होतं. पण जाण्यापूर्वी द्रवणांकाची चाचणी प्रत्येक नमुन्याला सक्तीची केल्याचं परिपत्रक त्यांना स्वतःच्या सहीने काढावं लागलं. वन्संच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद नोंदवली गेली, न केलेली चाचणी केली असं दाखवल्याबद्दल. ती नोंद रास्त आहे, असं त्या म्हणाल्या. दुसरी नोंद मात्र परवानगीशिवाय साक्ष दिल्याची होती. तिच्याविरुद्ध त्यांनी अर्जांवर अर्ज केले आणि दीड वर्षाने ती काढायला लावली. कर्मचारी संघटनेचे लोक म्हणाले, बाई, आता लगे हात पहिलीही काढून टाकू, आमचे हात वरपर्यंत पोचतात. वन्संनी त्यांना जवळजवळ हाकललंच. ती माझी आहे, तिला हात लावायचा नाही.

त्यांना औषधांच्या विभागातून उचलून कापूस आणि बॅंडेजच्या खोलीत टाकलं. तिथे काम म्हणजे कापसाचा बोळा पाण्यावर सोडायचा आणि तो किती सेकंदांत बुडतो ते बघायचं; जो लवकर बुडत नाही तो जखमेचं रक्तही नीट टिपत नाही. लोकांना वाटलं, दशांशबाई आता गप्प बसतील. पहिल्याच वर्षी त्यांनी कापसाचे एकोणीस नमुने नापास केले. मागच्या सहा वर्षांत तिथे चार झाले होते. एका ठेकेदाराने येऊन विचारलं, बाई, कापूसच तर आहे, तो जरा उशिरा बुडला तर काय झालं? वन्संनी त्याला बसवून घेतलं आणि त्याच्याच कापसाचा बोळा पाण्यावर सोडला. दोघे मिळून तो बुडायची वाट बघत बसले. चहाची वेळ झाली तरी बोळा तरंगतच होता. तो माणूस पुढे कधी विचारायला आला नाही.

नऊ वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला मी आणि आमचे हे गेलो होतो. नव्या संचालकांनी भाषण केलं, हार घातला आणि चौकटीत बसवलेलं मानपत्र वाचून दाखवलं. त्यात ‘एकतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेबद्दल’ असे शब्द होते. टाळ्या झाल्या. वन्संनी मानपत्र हातात घेतलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं, आणि माइकपाशी जाऊन म्हणाल्या की यात एक चूक आहे, निष्कलंक नाही, एक ताकीद आहे, सेवापुस्तक बघावं, आणि दुरुस्त करून द्यावं. सभागृहात हशा पिकला. सगळ्यांना वाटलं बाई गंमत करताहेत. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी मानपत्र टेबलावर उलटं ठेवलं आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या.

आमचे हे कानात म्हणाले, ताई, आज तरी. वन्सं म्हणाल्या, आजच तर.

मानपत्र महिन्याभराने टपालाने घरी आलं. ‘निष्कलंक’च्या जागी कुणी तरी ‘दीर्घ’ लिहिलं होतं. वन्संनी ते वाचलं, मान डोलावली, आणि म्हणाल्या, हे बरोबर आहे.